ट्रकच्या ताफ्यात नवा डिझेल मेकॅनिक: पहिलं वर्ष कसं काढायचं

आमच्या यार्डात नवं पोट्टं कामाला लागलं की पहिले पंधरा दिवस त्याच्या हाती पाना जात नाही. बनियनचं वेस्ट (पुसायच्या चिंध्या), टॉर्च आणि ग्रीसगन एवढंच मिळतं. बहुतेकांचं तोंड उतरतं. आयटीआयत वर्षभर इंजिन खोलून जोडून आलेला असतो, आणि इथं मिस्त्री म्हणतो, "आधी पुसून दाखव, मंग पाहू." वणीच्या बाजूला कोळशाच्या गाड्यांवर हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मीही असाच रुसलो होतो.

पुढं कळलं, की इंजिन खोलणारे हात यार्डात दोन-तीन असले तरी भागतं. पण चाळीस गाड्यांच्या खाली रोज जाऊन कुठं तेल झिरपतंय, कुठला नट सैल झालाय हे पाहणारा आणि पाहिलेलं वेळेत सांगणारा माणूस मिळत नाही. पहिल्या वर्षी तुमचं काम तेच.

लागण्याआधी

दहावीनंतर आयटीआयत 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' दोन वर्षांचा. ट्रकच्या कामाला दोन्ही चालतात. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी केलीच पाहिजे, आणि माझं मत विचाराल तर एसटीच्या आगारात मिळाली तर सोडू नका. तिथं काम ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं होतं. इतक्या किलोमीटरला हे, तितक्याला ते. खासगी यार्डात ही शिस्त क्वचित सापडते, आणि एकदा अंगात भिनली की जन्मभर पुरते. नागपूरजवळ हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, तिथं तर गाडीची बॉडीसुद्धा बांधताना पाहायला मिळते.

काम कुठं आहे? वणी, घुग्गुस, माजरी, बल्लारपूर या पट्ट्यात कोळशाचे टिपर. गडचांदूर-कोरपन्याकडे सिमेंटच्या गाड्या. हंगामात हिंगणघाट-पांढरकवड्याकडे कापसाच्या गाठी, वरूड-मोर्शीकडे संत्रा. कोळशाच्या ताफ्यात काम बारमाही असतं, पण धूळही बारमाही. संत्र्याच्या गाडीला माल नासायच्या आत पोचायचं असतं, म्हणून तिथं रात्री-अपरात्री बोलावणं येतं.

लागताना तीन गोष्टी तोंडावर विचारा: पगार कुठल्या तारखेला, पीएफ कापतात का, आणि कामात लागलं तर दवाखान्याचा खर्च कोण करतो. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. लाजू नका. मी लाजलो होतो, दोन वर्षं गेली.

आणखी एक. यार्डात "जरा गाडी मागं घे" असं कुणीही सहज म्हणतं. रस्त्यावर व्यावसायिक गाडी चालवायला वय २० लागतं आणि तसा परवाना लागतो. परवाना नसेल तर यार्डातही स्टिअरिंगवर बसू नका. मागं उभा असलेला माणूस आरशात दिसत नाही.

पहिली फेरी

गाडी खेपेवरून आली की इंजिन गरम असतानाच फेरी मारायची, कारण थंड गाडी खोटं बोलते. गार हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून काही कळत नाही.

आधी ड्रायव्हरला विचारा. "काका, काही आवाज-बिवाज?" एवढं पुरतं. ड्रायव्हर बिघाडाचं नाव चुकीचं सांगेल, पण लक्षण बरोबर सांगेल. "चढावर दम नाही देऊन रायली" म्हणजे एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचा सैल होज यांपैकी काहीही असू शकतं. तो म्हणाला ते शब्द तसेच लिहून घ्या. आपल्या मनानं 'फिल्टर जाम' असं लिहू नका, नाहीतर मिस्त्री फिल्टरच शोधत बसतो.

मग डाव्या पुढच्या चाकापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं फिरा. रोज तिथूनच. जागा ठरलेली असली की काही सुटत नाही. प्रत्येक हबजवळ तळहात न लावता हाताची उलटी बाजू न्या. सगळे हब सारखे गरम असतील तर ठीक. एकच भाजत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग चाललंय. व्हील नट पाहताना नटाभोवती गंजाची लालसर रेघ शोधा. नट सैल झाला की रिम हलतो, घासतो आणि ती लाली बाहेर येते. कोळशाच्या काळ्या धुळीवर ती लाली टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते. दुहेरी चाकांच्या मधे अडकलेला दगडही आत्ताच काढा.

खाली वाकून पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पाहा. तुटलेला पाटा वरून दिसत नाही, बाजूनं पाहिल्यावर त्याची कड सरकलेली दिसते. सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल किंचित तिरका बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणारा दांडा) हातानं फिरवून आणि वर-खाली करून क्रॉसची, म्हणजे त्याच्या सांध्याची, खडखड ऐका. हे अर्थात गाडी बंद, हँडब्रेक लावलेला आणि चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळा) दिलेली असतानाच.

तेल झिरपणं आणि तेल गळणं यातला फरक ओळखायला शिका. नुसती ओल आणि त्यावर बसलेली धूळ असेल तर लिहून ठेवा. लोंबणारा थेंब असेल तर गाडी गेटबाहेर जाऊ देऊ नका.

ग्रीस मारणं

या कामाला कुणी किंमत देत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

पावसाळ्यात आपली काळी माती चेसिसला अशी बसते की निपल (ग्रीस भरायचं तोंड) सापडत नाही. आधी धुवा, मग निपल वेस्टनं पुसा. न पुसता गन लावली तर माती ग्रीससोबत थेट बुशमध्ये जाते, म्हणजे आपण स्वतःच्या हातानं सांध्यात कानस घातली. गन लावून दाबत राहा. जुनं काळं ग्रीस बाहेर येईल, मग मधे तपकिरी, मग नव्याचा रंग. नवा रंग दिसला की थांबा.

किंगपिनला (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती) एक्सल जॅकवर उचलून स्टँडवर ठेवून ग्रीस मारा. चाक जमिनीवर असताना वजन एका बाजूनं दाबतं आणि ग्रीस तिकडं पोचतच नाही. क्रॉसला चार टोप्या असतात, चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर आलं पाहिजे. तीनमधून आलं आणि चौथी कोरडी राहिली तर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा पाहा. तरी नाही आलं तर मिस्त्रीला सांगा, त्या टोपीतल्या सुया आता फार दिवसांच्या नाहीत. निपल जाम असेल तर बदला. दहा रुपयांच्या आसपासच्या वस्तूपायी रस्त्यात शाफ्ट पडलेली गाडी मी पाहिली आहे. चालत्या गाडीचा शाफ्ट पुढच्या बाजूनं सुटला तर तो रस्त्यात रुततो आणि गाडीला उचलून फेकतो.

इंजिन ऑइल बदलणं, आणि माझी एक रात्र

पहिलं 'मोठं' काम मिळतं ते हे. ऑइल कुठल्या दर्जाचं आणि किती लिटर हे गाडीच्या पुस्तकात पाहा, दुकानदाराला विचारू नका. ट्रकला सर्रास १५-डब्ल्यू-४० चालतं, पण बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाडीला जुन्या दर्जाचं ऑइल घातलं तर त्याच्या राखेनं सायलेन्सरमधला फिल्टर भरतो.

१. गाडी सपाट जागी, ओट लावलेली. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको.

२. खाली ट्रे ठेवून ड्रेन प्लग काढा. शेवटचे आटे हातानं, प्लग आत दाबून धरत फिरवा, म्हणजे तेल कोपरापर्यंत येत नाही. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. ट्रेमध्ये चकाकणारे कण दिसले तर ते तेल टाकू नका, मिस्त्रीला दाखवा.

३. जुना फिल्टर काढा आणि त्याला जुनी रबर रिंग चिकटून आली का ते पाहा. आली नसेल तर ती वर बसकीला, म्हणजे फिल्टर टेकतो त्या जागेला, चिकटलेली आहे. बसकी बोटानं चाचपा आणि पुसा.

४. नव्या फिल्टरच्या रिंगला तेलाचं बोट लावा. हातानं फिरवा, रिंग टेकली की फिल्टरवर लिहिलं असेल तेवढेच फेरे आणखी. पाना लावून आवळू नका.

५. प्लगला नवा वॉशर, मग ऑइल भरा. डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मधे. जास्त भरणंही वाईटच.

६. चालू करा, रेस देऊ नका. टर्बोपर्यंत तेल पोचायला काही सेकंद लागतात. ऑइलचा लाल दिवा विझला का, खाली गळतंय का, दोन्ही पाहा. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पुन्हा.

तिसऱ्या पायरीवर माझं बोट त्या रात्री फिरलं नव्हतं. साडेनऊ वाजले होते, लाइट गेलेली, गाडी वरोऱ्याला रेल्वे सायडिंगवर जायची घाई. जुनी रिंग काळी, बसकी काळी, हात काळे. मी नवा फिल्टर जुन्या रिंगवरच चढवला. यार्डात एक थेंब गळला नाही. तासाभरानं ड्रायव्हरचा फोन आला. पाटाळ्याच्या पुलाआधी ऑइलचा दिवा लागला, त्यानं त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि उतरून पाहिलं तर मागं रस्त्यावर तेलाची रेघ. दोन रिंगांमधून दाबानं तेल निघून गेलं होतं. तो आणखी एखादा किलोमीटर चालवत राहिला असता तर बेअरिंगं चिकटली असती. मिस्त्री मोटारसायकलवर तेलाचा डबा घेऊन माझ्यासोबत आला, रस्त्यात शिवी एक दिली नाही. ती जुनी रिंग सोलून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "खिशात ठेव." अजून आहे, टूलबॉक्सच्या झाकणाला तारेनं बांधलेली.

काढलेलं तेल बॅरलमध्येच साठवायचं आणि परवानाधारक पुनर्वापरवाल्याला द्यायचं. पूर्वी गावचे लोक बंडीच्या आसाला लावायला डबाभर मागून न्यायचे. तेवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं, पण यार्डामागच्या नाल्यात ओतलेलं तेल शेजारच्या विहिरीवर तरंगलेलंही मी पाहिलंय.

एअर फिल्टर

कोळशाच्या रस्त्यावर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या खूप आधी भरतो. इंडिकेटर लाल झाला की काढा. बाहेरचा फिल्टर हवेनं साफ करता येतो, पण दाब कमी ठेवून, आतून बाहेर. बाहेरून हवा मारली की धूळ कागदात आणखी खोल बसते. आतला छोटा फिल्टर कधीही झटकायचा नाही, बदलायचा. साफ केल्यावर आत टॉर्च धरून अंधारात पाहा, कुठं उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर फेका. त्या ठिपक्यातून जाणारी धूळ पिस्टनच्या रिंगा खाते, आणि मग निळा धूर सुरू होतो.

धुराचं असं: काळा म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी, निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता निघतंय किंवा कूलंट आत शिरतंय. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर साधी गोष्ट आहे. गरम झाल्यावरही राहिला तर रेडिएटरची पातळी पाहा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

हवेचे ब्रेक

हवेच्या टाक्यांखालचे कॉक रोज उघडा. नुसतं पाणी आलं तर ठीक, पावसाळ्यात येतंच. नेहमीपेक्षा जास्त येत असेल तर एअर ड्रायरचं बघायला सांगा. तेलकट पाणी आलं तर कंप्रेसर तेल फेकतोय.

गळती शोधायला इंजिन बंद करून टाक्या भरलेल्या असताना कान द्या. मग एकानं ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्यानं पुन्हा ऐकावं. जोडांवर साबणाचं पाणी लावलं की फुगे जागा दाखवतात. ब्रेक दाबल्यावरच 'सुऽऽ' येत असेल तर बिघाड ब्रेकच्या बाजूला आहे, न दाबता येत असेल तर टाकीच्या बाजूला. एवढं सांगितलं तरी मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो.

साधा स्लॅक अ‍ॅडजस्टर (ब्रेकचा सैलपणा काढायचा लिव्हर) असेल तर चाकांना ओट देऊन, हँडब्रेक सोडून, लायनर ड्रमला टेकेपर्यंत आवळा आणि मग अंदाजे अर्धा फेरा मागं. चाक मोकळं फिरलं पाहिजे. ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टरला मात्र सारखा हात लावू नका. त्याला वारंवार सेट करावं लागतंय म्हणजे तोच खराब आहे.

मागच्या चाकांचे जे दुहेरी चेंबर असतात, त्यांच्या आत हँडब्रेकची दाबलेली स्प्रिंग असते. तो क्लॅम्प पहिल्या वर्षात तुम्ही उघडायचाच नाही. स्प्रिंग बोल्टनं जखडून न घेता उघडली तर झाकण गोळीसारखं सुटतं, समोरच्याचा जीव जातो. आणि ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या कापडानं पुसा.

चालू होत नाही

क्रम ठेवा. सेल्फ फिरतो का? फिरत नसेल तर बॅटरी. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असतात, म्हणून २४. बहुतेक वेळा टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि सैल क्लॅम्प हेच कारण निघतं. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तर डिझेल. टाकीत आहे का, हे विचारायला लाजू नका. जुन्या पंपाच्या गाडीत हवा शिरली असेल तर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंप मारा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की पंप दाबतानाच स्क्रू आवळा.

कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत इंजेक्टरच्या पाइपाचा नट कधीही सैल करायचा नाही. तिथं दाब हजार बारच्या वर असतो. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. सुईएवढी धार कातडीत शिरते, बाहेरून मुंगी चावल्यासारखं दिसतं, आणि आत डिझेल पसरतं. असं झालं तर लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचं डिझेल शिरलंय' हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

युरियाची टाकी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि निळ्या झाकणाची टाकी सर्रास दिसायला लागली. त्यातल्या द्रावणात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो, बाकी खनिजमुक्त पाणी. आपल्याकडे प्रत्येक घरात शेतीचा युरिया पडलेला, त्यामुळे कुणीतरी हुशार निघतोच: "बादलीत घोळून टाकला तर?" टाकू नका. शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. ते तेल आणि त्यातला मळ नोझल बंद करतो आणि सायलेन्सरमधली महागडी जाळी निकामी करतो. वर अनुदानाचा युरिया असा वापरणं हा गुन्हा आहे.

सायलेन्सरमधली काजळी जाळायला गाडी उभी करून रीजनरेशन करावं लागतं, तेव्हा जागा पाहा. सायलेन्सर भयंकर तापतो. जिनिंगच्या आवारात कापसाच्या ढिगाजवळ, किंवा एप्रिलमधल्या वाळल्या गवतावर हे अजिबात नको. आणि बीएस-६ गाडीच्या चेसिसला वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी आणि ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) जोडणी काढून ठेवा.

जॅक, डाला, टायर

जॅक फक्त उचलायला असतो. उचललं की स्टँड, मगच खाली जायचं. टिपरचा डाला वर असताना सेफ्टी टेकू लावल्याशिवाय त्याच्याखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. हायड्रॉलिकचा एक पाइप फुटला की डाला खाली येतो, तो तुमची वाट पाहत नाही. डाला उचलण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का तेही पाहा.

लॉक रिंगच्या टायरमध्ये हवा भरताना समोर उभं राहू नका, पिंजरा असेल तर वापरा. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, टॉर्क पुस्तकातला, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. तापलेल्या टायरची हवा जास्त दिसते म्हणून काढू नका, मोजमाप थंड टायरचंच.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ ला जातो. जमिनीवर पाठ टेकवत नाही, उन्हातला पाना हाती धरवत नाही. क्लच, गिअरबॉक्ससारखी जड कामं पहाटे काढा. दुपार फिल्टर आणि वायरिंगला. खाली गोणपाट भिजवून टाका, आणि शेजारी पाण्याची बाटली ठेवा, डिझेलच्या बाटलीपासून दूर. हसू नका, तहानेत माणूस रंग पाहत नाही.

वही

जॉब कार्ड यार्डाचं असतं, वही तुमची. रोज गाडीचे शेवटचे चार आकडे, किलोमीटर, काय दिसलं, कुणाला सांगितलं. माझ्या एका पानावर असं आहे: "३४१२. मागचा डावा हब बाकीपेक्षा गरम. लायनर ठीक. मिस्त्रीला सांगितलं, उद्या पाहू म्हणाले." दुसऱ्या दिवशी: "३४१२. तोच हब, आणखी गरम. थांबवली. बाहेरचं बेअरिंग निळं पडलेलं."

तीन वर्षांच्या अशा वह्या घेऊन मी मालकाकडे पगारवाढ मागायला गेलो. त्यांनी वही उघडलीही नाही, पुढच्या दिवाळीला पाहू म्हणाले. त्या दिवाळीआधी दुसऱ्या एका यार्डात विचारायला गेलो. तिथल्या सुपरवायझरनं दहा मिनिटं पानं चाळली, ३४१२ वर बोट ठेवलं आणि विचारलं, "सोमवारपासून येशील?"